दहा कामट्या, एक सुतळीचा गुंडा

"मॅडम, सुतरी तोडाचीच पायजे का?"

पतिरामनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी जरा वैतागले. हॉलमध्ये चौदा जोड्या बसलेल्या, प्रत्येक जोडीत एक विद्यार्थी आणि एक पालक. घड्याळात वीस मिनिटं उलटून गेलेली. बाकीच्या तेरा जोड्यांनी सुतळीचे बोटभर तुकडे करून जमिनीवर नुसता पसारा मांडला होता, आणि हे गृहस्थ अजून गुंड्याचं टोक हातात धरून बसले होते.

"नियमात तसं काही नाही हो. तोडा, नाही तर नका तोडू. पण सुरुवात करा."

"तोडली का तिचा जोर जाते जी," ते म्हणाले. "आमच्या गावी एकाच सुतरीनं बांधतेत. सुरू केली का मंग शेवटालोक तीच."

"मग तशी बांधा."

त्यांनी मान हलवली आणि शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. खुशबू, आमच्या आठवीतली. तिने बापाकडे पाहिलं नाही, कामट्या मोजत राहिली. कामट्या दहाच होत्या. त्या मोजायला इतका वेळ लागत नाही.

ही स्पर्धा म्हणजे माझंच लोढणं. वरून एक पत्र आलं होतं, सोबत एक चित्रफीत. त्यात परदेशातली मुलं कच्च्या शेवयांच्या काड्या आणि गोळ्या-मिठाई वापरून उंच मनोरे रचत होती. मोजकं सामान, तासाभराचा वेळ आणि त्यातून चहूबाजूंनी बघता येईल, हातात धरता येईल अशी भक्कम वस्तू करायची. पत्राखाली लिहिलं होतं की स्थानिक साहित्य वापरावं. आता तिरोड्यात स्थानिक म्हणजे काय, तर धान आणि बांबू. मुख्याध्यापक दुर्गाप्रसाद सर म्हणाले, "मॅडम, आप सायन्सवाली हो, आप ही देख लो." म्हणून मीच ठरवलं. अडीच फुटांच्या दहा कामट्या, एक सुतळीचा गुंडा, दोन वर्तमानपत्रं. खिळा नाही, डिंक नाही. कापायला टेबलावर एक कोयता. दोन बाकांमध्ये दीड फुटाचं अंतर, त्यावर टिकेल असं काहीतरी बांधायचं आणि मग त्यावर विटा ठेवत जायच्या. ज्याचं सर्वांत जास्त विटा पेलेल, ती जोडी गोंदियाला जिल्ह्याच्या फेरीला.

पालकांना बोलवायची कल्पनाही माझीच. ती मला तेव्हा फार हुशारीची वाटली होती.

दोन दिवस आधी खुशबू शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "मॅडम, माझे बाबा नाही आले तर चालेल का?"

"का बरं?"

"त्यांना काही येत नाही."

मी मनातल्या मनात निष्कर्ष काढून मोकळी झाले. मुलगी वसतिगृहात राहून शिकते, गाव चोरखमाऱ्याच्या पलीकडे जंगलाला लागून. बापाला एकरभर धान आणि वनखात्याची रोजंदारी. पोरीला बापाच्या सदऱ्याची लाज वाटत असणार. या वयात वाटतेच. आपण शिक्षकांनी ती मोडून काढायची, असं मी वर्गात भाषणांतून सांगतच असते. मी तिच्यासमोरच फोन काढला आणि प्रवेशाच्या अर्जावरचा नंबर लावला.

"माहं का काम जी तिथं?" पलीकडून आवाज आला.

"काही अवघड नाही. बांबूचं काम येतं ना तुम्हाला?"

 ते म्हणाले, "येते जी. बांबूचं येते."

"मग झालं तर. नक्की या."

फोन ठेवून मी विजयी मुद्रेने खुशबूकडे पाहिलं. ती "हो मॅडम" म्हणाली आणि गेली. तिचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला नाही, हे आता कबूल करते.

स्पर्धेच्या दिवशी पतिरामची बस उशिरा पोचली. मी नियम सांगत होते तेव्हा बापलेक मागच्या दाराने आत आले आणि भिंतीकडेच्या शेवटच्या बाकाशी बसले. सदरा इस्त्रीचा होता. केसांना तेल होतं. पोरीला लाज वाटू नये म्हणूनच हे सगळं; आपला निष्कर्ष किती खरा होता, म्हणून मला बरं वाटलं.

सुतळीचा प्रश्न सुटला आणि मग मात्र ते हात असे काही चालू लागले की मी बाकीच्या जोड्यांकडे जायचं विसरले. पट्टी त्यांनी बाजूला सारली. माप घेतलं वितीनं. चार कामट्या दोन-दोन एकत्र करून त्यांचे दोन जाड दांडे केले. दोन कामट्या कोयत्याने तोडून आडवे तुकडे केले, सातही तुकडे न मोजता सारखे. एका दांड्यापासून दुसऱ्याकडे सुतळी जायची, आडव्या तुकड्याला दोन वेढे घ्यायची, खालून येऊन स्वतःवरूनच वळायची आणि पुढच्या तुकड्याकडे निघायची. गाठ कुठे दिसतच नव्हती.

"ताण धर," ते खुशबूला म्हणाले. "इकडं. ढिली नको सोडू."

तिने सुरुवातीला दोन बोटांनी धरली. मग हाताने. मग गुडघे टेकून, पाय रोवून. दहाएक मिनिटांनी ती "बाबा, इथं अजून एक वेढा?" असं हळूच विचारताना मी ऐकलं. बाबा म्हणाले, "एक बस झाला. जास्तीनं कापते." एकदा सुतळी सुटून तिच्या नाकावर बसली, तेव्हा दोघंही हसले. त्या मुलीला मी शाळेत तसं हसताना पाहिलं नव्हतं.

उरलेल्यांपैकी दोन कामट्या त्यांनी पाण्यात भिजवल्या आणि गुडघ्यावर हळूहळू वाकवून दांड्यांच्या खालून कमानीसारख्या बसवल्या. शेवटच्या दोन तिरप्या, कैचीसारख्या.

"हे खाली कशासाठी?" मी विचारलं. खरं तर मला ठाऊक होतं, पण त्यांच्याकडून ऐकायचं होतं.

"जड मान..." ते मध्येच थांबले. "जड सामान असलं का खालून कमान द्या लागते. नाई तं मधात लचकते."

"कुणी शिकवलं?"

"कोन शिकवन जी? करता करता हात शिकते."

मी खूश. हे वाक्य अहवालात घालायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

पुढच्या बाकाशी दुधराम बसले होते. चोरखमाऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं किराण्याचं दुकान आहे, मुलगी रुची खुशबूच्याच वर्गात. दुधरामनी चौपाईसारखं, चार पायांच्या स्टुलासारखं काहीतरी केलं होतं आणि तिचे चारही पाय चार दिशांना बघत होते. "मॅडम, हे दुकानात चाललं असतं. उधारीवाल्याले बसवाले," ते म्हणाले आणि सगळा हॉल हसला. तेवढ्यात मी शिट्टी वाजवली. वेळ संपली होती.

पतिरामनी वर्तमानपत्राची पानं आडव्या तुकड्यांवर पसरली, कडा आत दुमडल्या, हाताने सुरकुत्या काढल्या. सुतळीचं उरलेलं टोक पायथ्याकडच्या दांड्यात खोचलं. दांड्यांची चारही टोकं दोन्हीकडे वीतभर बाहेर राहिली होती. मग ते उठले, एक पाऊल मागे सरले आणि वाकून त्या वस्तूला दोन्ही हात लावून ते कपाळाशी जोडले.

एवढंच केलं त्यांनी. कुणी सांगितलं नव्हतं, बहुधा त्यांना स्वतःलाही कळलं नसेल.

त्याक्षणी मी ती वस्तू पहिल्यांदा पाहिली. तासभर समोर असून मला दिसली नव्हती. दोन दांडे, सात आडवे तुकडे, वर अंथरूण, खांद्याला लावायला चार टोकं. लहान. दोन-अडीच फुटांची. 

"अगा बाप्पा!" दुधराम उभे राहिले. "हे तं तिरडी होय!"

हॉलमध्ये कुणीतरी किंचाळलं. एका आईने आपल्या लेकराचा दंड धरून त्याला मागे ओढलं, इतक्या जोरात की बाक पडला. कुणी "राम राम" म्हणत होतं. ती जर मोठी असती तर लोक इतके हादरले नसते, असं मला वाटतं. लेकराच्या मापाची होती, आणि हॉल लेकरांनी भरलेला होता.

दुधराम बोट रोखून म्हणाले, "तरीच मी म्हणून राहिलो, चेहरा पाह्यला आहे. आमच्या मावशीच्या मयतीले यानंच बांधली होती. पल्याडच्या गावचा ना गा तू? तिकडच्या चार-पाच गावांत कोनी मेला का यालेच बलावतेत."

पतिराम आपल्या हातांकडे पाहत उभे होते. हात अजून अर्धवट जोडलेले होते. ते त्यांनी सदऱ्याला पुसले, मग मागे नेले.

"भूल झाली जी," ते म्हणाले. "ध्यानातच नाई आलं. बांबू आन् सुतरी हातात आली का..." 

दुर्गाप्रसाद सर व्यासपीठावरून खाली आले. "ये क्या अपशकुन है, मॅडम? स्कूल में? लेकरांसमोर? ये आदमी आया किसके साथ?"

मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. पण मुली खुशबूकडे बघत होत्या. तिच्या दोन्ही बाजूंना जागा झाली होती. कुणी कुणाला सांगितलं नसताना मुली इतक्या एकसारख्या कशा सरकतात, कोण जाणे. रुची तिची जिवलग मैत्रीण, दोघी एका डब्यात जेवतात. रुचीने विचारलं, "खुशबू, हे तुझे बाबा आहेत ना?"

खुशबूचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिच्या हाताला सुतळीचे वळ उमटले होते आणि ती तो हात ओढणीत लपवत होती.

पतिरामनी तिच्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग सरांकडे वळून म्हणाले, "नाई जी. मी बाप नाई पोरीचा. मी तिच्या गावचा आहो. बापाचा खळ्यावर धानाचा चुरना सुरू आहे, त्याले सवड नाई भेटली. मनून मले धाडलन."

 माझ्या कपाटात तिचा प्रवेशाचा अर्ज होता. त्यावर याच माणसाचा फोटो होता, खाली सही होती. दोन दिवसांपूर्वी मी याच माणसाला फोन केला होता. तासभर ती त्यांना माझ्यासमोर बाबा म्हणत होती. मी खुशबूकडे पाहिलं. आता ती बोलेल, आता तोंड उघडेल, असं म्हणत मी वाट पाहिली. ती फरशीकडे बघत राहिली.

आणि मीसुद्धा काही बोलले नाही. लाज मोडून काढायची भाषणं देणारी मी.

"ठीक है, ठीक है," सर म्हणाले. "इसको बाहर रखवाओ पहले."

"सर, नियम आहे," मी म्हणाले. बोलायला हवं होतं ते सोडून हे भलतंच माझ्या तोंडून निघालं. "प्रत्येक वस्तूवर वजन ठेवून पाहायचं. एकीला वगळता येणार नाही."

सर माझ्याकडे बघतच राहिले. पण पालकांसमोर वाद नको म्हणून त्यांनी हात झटकला.

बाकीच्या तेरांवर विटा ठेवून झाल्या. दुधरामची चौपाई पहिल्याच विटेला बसली. कुणाचं तीन विटांवर मोडलं, कुणाचं पाचांवर. एकाचं सात विटांपर्यंत टिकलं, तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्यात जीव नव्हता. सगळ्यांचं लक्ष भिंतीकडच्या त्या वस्तूवर. ती उचलून बाकांवर ठेवायला कुणी पुढे येईना. शिपाईसुद्धा "मॅडम, माझी बायको पोटुशी आहे" म्हणून मागे सरला. पतिराम दाराशी उभे होते, त्यांनी पाऊल पुढे टाकलं, पण त्याआधी खुशबू गेली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, बाकांवर ठेवली आणि विटा मांडू लागली.

एक एक वीट. सात झाल्या, आठ झाल्या. दहाव्या विटेला सुतळी एकदा करकरली आणि गप्प झाली. पंधरा. हॉलमध्ये विटेवर वीट टेकल्याचाच आवाज. एकविसावी वीट ठेवली आणि ढीग संपला. शाळेत तेवढ्याच विटा होत्या. खालची कमान बोटभरसुद्धा लवली नव्हती.

कुणी टाळी वाजवली नाही. सर घसा खाकरून म्हणाले, "मजबूत तो है." दुधराम पुढे येऊन खाली वाकले, कमान बघितली आणि कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाले, "मावशीबी जड होती आमची. घाटापरेंत हलली नाई." मग त्यांना स्वतःचाच राग आल्यासारखं ते बाजूला झाले.

मी बाहेर आले तेव्हा पतिराम नळाशी हात-पाय धूत होते. कोपरापर्यंत हात, गुडघ्यापर्यंत पाय, तोंड, मग पुन्हा हात. मयतीहून आलेला माणूस घराबाहेर धुतो तसं.

"तुम्ही असं का सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. राग त्यांचा नव्हता.

त्यांनी नळ बंद केला. "मॅडम, आमच्या गावी कोनी मेला का मले बलावतेत. रात असो का पानी असो. मी जातो. कोनाले नाई मनत नाई. पन कोनाच्या घरी हळद असली का माह्या घरचं मानूस नाई चालत. पोरगी सहावीत होती, सोबतनीच्या बहिनीच्या हळदीले गेली. नवा डिरेस घालून. दारातूनच वापस धाडलन तिले. सांगतलं का, तुहा बाप तिरडीवाला. आठ दिवस शाळेत नाई गेली. मनून इथं आनून टाकली, का इथं कोनी ओळखत नाई."

"मला हे माहीत असतं तर..."

"तुमाले कसं मालूम रायन जी? मलेच याले नाई पायजे होतं. पन तुमी मनलं, बांबूचं काम येते ना." ते जरासे हसले. "माह्या जिंदगीत कोनी असं पयल्यांदा इचारलं. कोनी मेला नसताना."

मला काहीतरी मोठं, धीराचं बोलायचं होतं.  मी म्हणाले, "तुमची जोडी पहिली आली. गोंदियाला जायचं आहे. अर्जावर पालकाची सही लागते."

"सही बापाची लागन ना? मंग घरी धाडा. बाप करन सही." ते अगदी सहज म्हणाले. "आन् गोंदियाले तुमी जा तिच्यासंगं. कमान कशी द्याची ते तिले आलं आता. तिचा हात चांगला आहे, मॅडम. ताण बराबर धरते."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. कुठल्याही बापाचा उजळेल तसाच. मला ते बघवेना.

हॉल सुटला. मुली घोळक्याने बाहेर आल्या. पुढे रुची, तिच्या शेजारी खुशबू, आणि रुचीचा हात पुन्हा तिच्या हातात होता. पतिरामनी रचलेली गोष्ट त्यांना पुरली होती. जागा भरून निघाली होती. आमच्याजवळ येताच खुशबू थांबली. तिच्यामागे आठ-दहा मुली थांबल्या. तिने बापाकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. मला वाटलं, आता. आता ती म्हणेल.

"काका," ती म्हणाली, "तुमची बस साडेचारची आहे ना?"

 ते मात्र क्षणभरही अडखळले नाहीत.

"हो बाई. निघतोच आता." त्यांनी खांद्यावरचा शेला सारखा केला. "आई-बापाले काही सांगाचं आहे का तुह्या?"

 रुचीने तिचा हात हलवला, चल म्हणून.

"सांगा की मी बरी आहे," खुशबू म्हणाली. "आणि बाबांना म्हणावं, मी जेवते वेळेवर. काळजी नका करू."

"सांगतो," पतिराम म्हणाले.

मला त्यांनी हात जोडले आणि वळले. फाटकापर्यंत जाताना त्यांचे ओठ हलत होते. निरोप विसरायला नको म्हणून माणूस वाटभर घोकत जातो, तसे.